सगळ्या गावाचं बीपी एकशेवीस-ऐंशी

आमच्या बॅचला अजूनही 'कोरोना बॅच' म्हणतात. आमच्यापैकी कुणाच्या हातून सलाइनची सुई दोनदा चुकली की वॉर्डातल्या जुन्या सिस्टर एकमेकींकडे बघून हसतात, "राहू दे, मोबाईलवर शिकलेली आहे ती." नोकरीच्या पहिल्या वर्षी मला याचा भयंकर राग यायचा. माझा राग तसा नाकावरच असतो. आता येत नाही, कारण त्या म्हणतात ते अर्धं खरं आहे. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाच शाळा बंद झाली आणि पुढचे कितीतरी महिने मी माणसाचं शरीर चार बोटं रुंद पडद्यावर शिकले. उरलेलं अर्धं मला कुणी आणि कसं शिकवलं, ते मात्र त्या सिस्टरांना माहीत नाही. ज्यांनी शिकवलं त्यांचे मी धड आभारही कधी मानले नाहीत. म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझी नर्सिंगची शाळा साकोलीला होती. मार्च महिन्यात आम्हाला बीपी मोजायला शिकवणं सुरू झालं होतं. वर्गात चाळीस मुली आणि यंत्रं दोन, त्यामुळे हजेरीच्या क्रमाने नंबर लागायचा. माझं नाव यादीत शेवटून तिसरं. शनिवारी माझ्या आधीच्या मुलीपर्यंत येऊन तास संपला आणि मॅडम म्हणाल्या, "उरलेल्या तिघींचं सोमवारी." तो सोमवार आलाच नाही. रविवारी हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं. ट्रंक घेऊन मी एसटीत बसले, कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली, भंडाऱ्याला गाडी बदलली आणि आंधळगावजवळच्या आमच्या गावी येऊन पडले. ट्रंकेत माझा नवाकोरा स्टेथोस्कोप होता. हॉस्टेलच्या आरशासमोर तो एकदा गळ्यात घालून बघितला होता, एवढाच काय तो त्याचा वापर झाला होता.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा राइस मिलमध्ये हमाली करायचे, आई रोवण्याच्या दिवसांत लोकांच्या बांधीत भात लावायला जायची. मी नर्स होणार हे आमच्या मोहल्ल्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. लॉकडाऊन लागून आठ दिवस होत नाहीत तोच लोक मला ताप आला तर काय करायचं ते विचारू लागले. मीही भाव खाऊन सांगायचे. गरम पाणी प्या, लांब बसा, एवढं तर टीव्हीवरही सांगत होते.

जूनमध्ये मोबाईलवर वर्ग सुरू झाले. गावात इंटरनेटची रेंज यायची ती फक्त बोडीच्या पाळीवर. बोडी म्हणजे भातशेतीसाठी बांधलेलं लहान तळं. मी तिथल्या एका मोहाच्या झाडाखाली पोतं टाकून बसायचे. मॅडम खरोखर जीव तोडून शिकवत. एकदा त्यांनी स्वतःच्या मिस्टरांना खुर्चीत बसवलं, त्यांची बाही वर केली आणि आम्हाला बीपी कसं मोजायचं ते दाखवलं. पट्टा बांधा, हवा भरा, कोपराच्या आतल्या खोलगट भागावर स्टेथोस्कोप ठेवा, हवा हळूहळू सोडा. पहिला ठोका ऐकू येईल तो वरचा आकडा, ठोके थांबतील तो खालचा. "ऐकू आलं का गं सगळ्यांना?" मॅडम सवयीने म्हणाल्या. आता मोबाईलवरून त्यांच्या मिस्टरांच्या हातातलं काय ऐकू येणार? तरी आम्ही सगळ्यांनी 'हो मॅडम' असं लिहून पाठवलं. मिस्टर तोवर बसल्या बसल्या झोपले होते.

जुलैत आमच्या आशाताई घरी आल्या. घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजून त्या टेकीला आल्या होत्या. उपकेंद्राच्या सिस्टर स्वतःच पॉझिटिव्ह येऊन विलगीकरणात होत्या. आशाताईंनी उपकेंद्राचं घड्याळासारख्या तबकडीचं बीपीचं यंत्र माझ्यापुढे ठेवलं. "तू त नर्स होऊन राहिली ना? मले हे जमत नाही. गरोदर बाया आन् म्हातारे, एवढ्यांचं पाहून देत जा." आई अभिमानाने बघत होती. मी यंत्र घेतलं.

पहिल्या दिवशी विहाराच्या ओट्यावर पाच-सहा माणसं जमली. मी पट्टा बांधला, हवा भरली, स्टेथोस्कोप लावला, हवा सोडली. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा केलं. माझ्याच श्वासाची घरघर आणि नळी पदराला घासल्याचा आवाज, बाकी शांतता. दुसऱ्याच्या हातावरही तेच, तिसऱ्याच्याही तेच.

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लहानपणी माझे दोन्ही कान फुटायचे. महिनोन् महिने त्यांत कापूस असायचा. प्रवेशाच्या वेळी तब्येतीचा दाखला लागला तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या मनात तेच आलं. माझ्या कानाला ठोके ऐकूच येत नाहीत. मी नर्स होऊ शकत नाही. हे कुणाला कळलं तर शाळेतून काढतील. समोर म्हातारबा विचारत होते, "किती हाय बाई?" मी म्हणाले, "एकशेवीस-ऐंशी." पुस्तकात निरोगी माणसाचं तेवढंच असतं.

त्या दिवशी सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी निघालं. पुढच्या आठवड्यात मी जरा शहाणी झाले. कुणाचं एकशेअठरा-अठ्ठ्याहत्तर, म्हाताऱ्या माणसांचं एकशेचोवीस-ब्याऐंशी, म्हणजे खरं वाटावं. तबकडीवरचा काटा उतरताना जरासा थरथरायचा, ते बघून मी चेहराही गंभीर करायचे. महिनाभर आमचं सगळं गाव ठणठणीत होतं. लोक खुश होते. मी मात्र कुणाला खरं सांगितलं नाही.

आमच्या शेजारच्या घरात एक वहिनी होत्या. साकोलीकडच्या, लग्न होऊन तीन वर्षं झालेली. मी साकोलीला शिकायला होते म्हणून त्यांना माझं भारी कौतुक. तिथल्या बसस्टँडसमोर अमकं दुकान आहे का अजून, असं विचारत बसायच्या. त्यांना सातवा महिना लागला होता. दर आठवड्याला त्या स्वतःहून यायच्या, ओट्यावर बसायच्या आणि हात पुढे करायच्या. त्यांच्या गरोदरपणाच्या कार्डावर मी तीन वेळा एकशेवीस-ऐंशी लिहिलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "डोस्कं लई दुखते गं दोन दिवसांपासून. आन् पाय पाय कसे झाले." पाय सुजले होते. त्यांची सासू, जिला आम्ही मावशी म्हणायचो, पलीकडून म्हणाली, "चिखलात उभी राहते दिवसभर, सुजतीनच ना." मला पुस्तकातलं पान आठवलं. गरोदर बाई, डोकेदुखी, पायांना सूज, वाढलेलं बीपी, हे एकत्र आलं तर जिवाला धोका. पान अगदी चित्रासकट आठवलं. पण बीपी वाढलेलं नाही असं मीच तर लिहिलं होतं. मी घरी गेले आणि गोधडीत तोंड खुपसून पडले.

दुसऱ्या दिवशी मात्र मी आशाताईंना फोन केला. खरं सांगायची हिंमत नव्हती. एवढंच म्हणाले की वहिनींचे पाय सुजलेत, सिस्टर बऱ्या झाल्या असतील तर त्यांना एकदा बघायला सांगा. माझ्या हातून त्या महिन्यात झालेलं तेवढंच एक बरोबर काम.

सिस्टर त्याच दिवशी दुपारी स्कूटीवरून आल्या. विलगीकरणातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, तोंडावर दोन मास्क, चार पावलं चालल्या की दम लागत होता. पन्नाशीची बाई. वहिनींच्या अंगणात त्या खाटेवर टेकल्या, कार्ड बघितलं. एकाखाली एक तीन ओळींत सारखेच आकडे. त्यांनी मान वर करून माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मग वहिनींना पाच मिनिटं शांत बसवलं, एका हाताचं बीपी घेतलं, मग दुसऱ्या हाताचं.

"एकशेचौसष्ट-एकशेबारा आहे," त्या म्हणाल्या. "आजच्या आज भंडाऱ्याला न्यावं लागते. मी गाडी बोलावते."

मावशी उठून उभी राहिली. त्या दिवसांत दवाखान्याचं नाव काढलं की माणसं हादरायची. "तिकडं गेलेला मानूस घरी येत नाही म्हन्ते. प्लास्टिकात गुंडाळून देते, तोंडबी दाखवत नाही. आमी नाही पाठवत."

"मावशी, बाईच्या अन् लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे."

"कोन्या जिवाचा? हे पोट्टी तीन डाव पाहून गेली. तीनी डाव चांगलं होतं, कारडावर लिवलं हाय. आज एकदम कायले वाढन? तुमची मशीनच बिघडली असन."

दादा, म्हणजे वहिनींचे मिस्टर, दारात उभे होते. ते मावशीकडे बघत होते, मग कार्डाकडे, मग माझ्याकडे. "काय गं, तू त सांगितलं होतं ना बरोबर हाय म्हणून?"

सिस्टरांना सगळं कळलेलं होतं. त्या सांगू शकल्या असत्या की ही पोरगी खोटं लिहीत होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, की मला अशी उघड्यावर का सोडताहेत. नंतर कितीतरी दिवसांनी कळलं की त्यांच्या सांगण्यावर त्या घराने विश्वास ठेवला नसता. माझ्या आकड्यांना खोटं पाडायला मीच लागणार होते.

खाटेवर वहिनी दोन्ही हातांनी डोकं धरून बसल्या होत्या.

"मले ऐकूच येत नाही," मी म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की दादांनी 'काय?' म्हणून विचारलं. मग मी ओरडूनच बोलले. "माझा कान खराब आहे. मले एकदाबी ठोका ऐकू नाही आला. मी मनानं लिवलं. सगळ्यांचं मनानं लिवलं. सिस्टर सांगतात ते खरं आहे, वहिनीले घेऊन जा."

अंगणात बाजूच्या घरच्या बायाही जमल्या होत्या. माझी आई त्यांच्यात होती. मावशीने मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. पण बोलता बोलताच ती आत गेली आणि वहिनींची पिशवी भरायला लागली. दादांनी चप्पल घातली. वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडी यायला वेळ होता. मी कुंपणाजवळ रडत उभी होते. सिस्टर माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आण तुझा स्टेथो." मी दिला. त्यांनी तो माझ्या कानात घातला आणि त्याच्या चकतीवर नखाने टकटक केलं. "ऐकू येते?" मी मान हलवली, नाही. त्यांनी चकती नळीच्या टोकावर धरून अर्धी फिरवली. कट् असा आवाज आला. पुन्हा नखाने टकटक केलं. कुणी दार ठोठावावं तसा आवाज थेट माझ्या दोन्ही कानांत आला.

"कान नाही तुझा खराब," त्या म्हणाल्या. "हे बंद होतं. याला दोन तोंडं राहतात, एक उघडं असलं की दुसरं बंद. कोणी सांगितलं नव्हतं का तुले?"

सांगितलं असेल. हातात घेऊन फिरवून दाखवायची गोष्ट होती ती, आणि माझा नंबर सोमवारी होता. मी हसावं की रडावं ते मला कळेना. मी खरं तर हसले. त्याबरोबर सिस्टर भडकल्या. "हासतेस काय? ऐकू नाही आलं त ऐकू नाही आलं असं लिवायचं कार्डावर. मेलेल्या मानसाचंबी एकशेवीस-ऐंशी लिवशील का तू?" मग गाडीचा आवाज आला. वहिनींना धरून चढवता चढवता त्या मागे वळून म्हणाल्या, "उद्या सकाळी उपकेंद्रावर ये."

संध्याकाळी मावशीला दादांचा फोन आला. ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, फार लहान, काचेच्या पेटीत ठेवलीय. वहिनी बऱ्या आहेत. डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर केला असता तर झटके येऊन दोघींपैकी कुणी हाती लागलं नसतं. मावशीने ही बातमी सगळ्या मोहल्ल्याला ओरडून सांगितली, फक्त आमच्या दाराकडे पाठ करून.

सकाळी मला उपकेंद्रावर जायचं नव्हतं. आईने हाताला धरून नेऊन सोडलं. आत सिस्टर खुर्चीवर बाही वर करून तयारच बसल्या होत्या. "मोज." त्यांचा हात बारीक, आजारातून उठलेला. मी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, आणि एका क्षणी ते आलं. ठक्, ठक्, ठक्. कुणीतरी आतून बोलत असल्यासारखं. मला इतका आनंद झाला की आकडा बघायचाच राहिला. सिस्टर म्हणाल्या, "पुन्हा." त्या सकाळी त्यांनी मला दमेपर्यंत तेच करायला लावलं. स्वतःचा हात लाल होईपर्यंत तो माझ्यापुढे धरून बसल्या. बापरे, आजारातून उठलेली बाई, बाहेर शंभर कामं, आणि ती एका खोटारड्या पोरीला हात देऊन बसली होती! आजही आठवलं की माझे डोळे भरून येतात.

मग त्यांनी दुसरं काम सांगितलं. जितक्यांचं खोटं लिहिलं तितक्यांच्या घरी जायचं, आधीचं चुकीचं होतं असं तोंडाने सांगायचं आणि पुन्हा मोजायचं. पहिल्या चार घरी मला दारातच उभं ठेवलं. एका काकांनी विचारलं की आता तरी कानात कापूस नाही ना. विहाराजवळचे म्हातारबा मात्र म्हणाले, "काय बाप्पा, चुकलं त चुकलं," आणि हात पुढे केला. त्यांचं एकशेसत्तर निघालं. सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून त्यांना गोळी सुरू केली. त्यांच्यामागे एकेक घर उघडत गेलं. अशी काही घरं झाली, पण शेजारच्या घरात मावशीकडे जायची माझी छाती झाली नाही.

बोडीच्या पाळीवर बसून मी मॅडमनाही सगळं सांगितलं. मला वाटलं, आता नाव कमी होणार. मॅडम म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. मी विचारायला हवं होतं." पुढच्या वर्गात त्यांनी सगळ्या मुलींना स्टेथोस्कोप कानात घालून कॅमेऱ्यासमोर टकटक करायला लावलं. आणखी दोघींचा बंद निघाला. त्या दोघीही गावात बीपी मोजत होत्या. त्यांच्या गावातही सगळे ठणठणीत होते.

वहिनी पाच आठवड्यांनी घरी आल्या. मुलगी एवढीशी, कापसात गुंडाळलेली. आमच्या भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू यायचं आणि मी पुस्तक उघडून नुसती ऐकत बसायचे. आई जाऊन बघून आली, बाकीचा मोहल्ला बघून आला. मला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि मीही गेले नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी दादा दारात आले. "तुले बोलावून राहिली ते. मशीन घेऊन ये म्हणे."

मी गेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर बाळ. मावशी चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. "वहिनी, मी..." एवढंच म्हणून थांबले. वहिनींनी बाळ दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि मोकळा झालेला हात माझ्यापुढे केला, अगदी ओट्यावर करायच्या तसा. "रोज पाहाले सांगितलं हाय डॉक्टरनं," त्या म्हणाल्या. "सिस्टर कुठं रोज येतीन? तूच पाहत जा."

मी पट्टा बांधला. तो नीट बसला नाही म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधला. हवा सोडताना मी श्वास रोखून धरला होता. ठोके आले, स्पष्ट, एकामागून एक, आणि मग थांबले. "एकशेअडतीस-अठ्ठ्याऐंशी," मी म्हणाले. "अजून थोडं जास्त आहे. गोळी बंद नका करू." बाळ जागं होऊन कुरकुरलं.

"आलं का ऐकू?" चुलीकडून मावशीचा आवाज आला. तिने मान वळवलेली नव्हती.

"आलं, मावशी."

ती उठली. सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसली आणि बांगड्या कोपराकडे सारत म्हणाली, "मंग माहंबी पाहून दे. मागच्या डावाले मले चांगलं सांगितलं होतंस तू." माझा चेहरा उतरला. मागच्या वेळी मी तिला एकशेचोवीस-ब्याऐंशी सांगितलं होतं. मी मोजलं, पुन्हा मोजलं, दुसऱ्या हाताचंही घेतलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"एकशेशहात्तर-शंभर," मी म्हणाले.

ज्या दवाखान्याचं नाव काढलं म्हणून तिने सिस्टरांना अंगणात अडवलं होतं, तो तिच्या डोक्यात आला असणार. मावशीने बांगड्या खाली सरकवल्या.

"मंग कधी जाचं दवाखान्यात?" ती म्हणाली. "तू येजो संग."